कोकण किनाऱ्याने निधीसाठी सायकलप्रवास : खर्च कोणी करायचा आणि मदत कशाची द्यायची?

दर्यावाट

नमस्कार. आम्ही पुण्यातले आठ जण येत्या डिसेंबरमध्ये अलिबागपासून तेरेखोलपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल चालवणार आहोत. अलिबाग, चौल, रेवदंडा, काशीद, मुरूड. आगरदांड्याहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीने, दिघी. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी, केळशी, आंजर्ले, हर्णे, दाभोळ. तिथे वाशिष्ठी ओलांडून धोपावे, गुहागर, हेदवी. तवसाळहून जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी. आणि पुढे पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, रेडी असा मार्ग आहे. एकूण नऊ दिवस ठरवले आहेत. रोजचे किलोमीटर साठ-सत्तरच भरतात, पण प्रत्येक खाडीकडे उतरायचे आणि पलीकडून पुन्हा चढायचे असल्यामुळे आम्ही घाई करणार नाही.

या प्रवासाच्या निमित्ताने ओळखीच्या लोकांकडून चार लाख रुपये जमवून किनाऱ्यालगतच्या गावांतील शाळकरी मुलींना सायकली द्याव्यात, असा विचार आहे. एका सायकलीला साधारण सहा हजार रुपये धरले आहेत.

आमच्यात मतभेद आहे तो खर्चाबद्दल. मुक्काम आणि जेवण यांसाठी माणशी रोज १,२०० रुपये लागतील आणि सोबत सामानाचा टेम्पो घेतला, तर त्याचे ४५,००० रुपये होतील. निम्म्या लोकांचे म्हणणे असे, की प्रवास निधीसाठी आहे, तेव्हा खर्च निधीतून वजा करण्यात गैर काही नाही. उरलेल्यांना ते पटत नाही, आणि मीही त्यांच्यातच आहे. पण मला माझी बाजू नीट मांडता येत नाही. ज्यांनी असे प्रवास केले आहेत किंवा अशा प्रवासांना देणग्या दिल्या आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

शेखाडीकर

खर्चाबद्दल जाणकार लिहितीलच. मी फक्त वाटेबद्दल सांगतो. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता इतका समुद्राला चिकटून आहे, की भरतीच्या वेळी उजव्या हाताला खडकावर फुटणाऱ्या लाटेचा तुषार चेहऱ्यावर येतो. हा टप्पा सकाळी आठच्या आत करावा. शनिवार-रविवार टाळावा, कारण पर्यटकांच्या गाड्या वळणावरही वेग कमी करत नाहीत.

हिशेबनीस

दर्यावाट, तुमचेच आकडे मांडून पाहा. आठ जणांचे नऊ दिवसांचे मुक्काम आणि जेवण ८६,४०० रुपये, त्यात टेम्पोचे ४५,००० मिळवले, की १,३१,४०० होतात. चार लाखांतून एवढी रक्कम वजा केली, तर देणगीदाराच्या प्रत्येक शंभर रुपयांतले जवळजवळ तेहतीस रुपये तुमच्या प्रवासावर खर्च होतील. माझ्याकडे कोणी "मुलींच्या सायकलींसाठी द्या" म्हणून आले आणि मी हजार रुपये दिले, तर त्यातले तीनशे तीस रुपये सुरमईच्या थाळीवर आणि डिझेलवर गेल्याचे मला नंतर कळणे हे मला फसवणुकीसारखेच वाटेल, मग तुमचा हेतू कितीही स्वच्छ असो. खर्च वजा करायचाच असेल, तर मागतानाच तसे स्पष्ट लिहा. ते वाक्य लिहिताना हात अडखळला, तर तुमचे उत्तर तुम्हाला मिळालेच.

दुसरे असे, की हा निधी तुमच्या वैयक्तिक खात्यात अजिबात घेऊ नका. नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी घेतात, ती हीच. त्यापेक्षा चांगली संस्था निवडून देणगीदारांना थेट तिच्याच खात्यात पैसे भरायला सांगणे सोपे. देणगीवरची ८० जी ची आयकर सवलत हवी असणाऱ्यांना दोन गोष्टी आधीच सांगा : दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना ती मुळीच मिळत नाही. हे न सांगितल्यामुळे मार्चअखेरीस रुसवेफुगवे झालेले मी पाहिले आहेत.

घाटवाट

हिशेबनीसांचा हिशेब बिनचूक आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पूर्ण पटत नाही. १,३१,४०० भागिले आठ म्हणजे माणशी १६,४२५ रुपये झाले. नोकरदार माणूस एवढे खिशातून घालू शकेल; महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा मुलगी कुठून आणणार? "खर्च ज्याचा त्याने करावा" हा नियम कडकपणे लावला, तर चांगल्या कामासाठी सायकल चालवण्याचा मान फक्त पैसेवाल्यांना उरेल. आमच्या गटात सर्वांत नेटाने चालवणारी मुलगी जुन्या बिनगिअरच्या सायकलीवर वरंध घाट चढली होती, आणि तिच्याकडे मुक्कामाचे पैसे नव्हते. तिला घरी ठेवून आम्ही गेलो असतो, तर कोणता न्याय झाला असता?

थेम्सकाठ

मी लंडनमध्ये राहतो आणि लंडन ते ब्रायटन हा सायकलप्रवास दोनदा केला आहे. हृदयरोगासंबंधी काम करणाऱ्या ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसाठी तो जूनमध्ये होतो. अंतर ५४ मैल, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटर आहे. क्लॅपहॅम कॉमनच्या मैदानावरून निघून ससेक्समधल्या गावांतून, दोन्ही बाजूंच्या झुडपांच्या कुंपणांमधल्या अरुंद रस्त्यांनी समुद्राकडे जायचे. ब्रायटन जवळ आल्यासारखे वाटते तेव्हाच डिचलिंग बीकनची चढण येते आणि निम्मे लोक उतरून सायकल हातात धरतात.

आपल्या चर्चेशी संबंध असलेली गोष्ट अशी, की तिथे प्रवेशशुल्क वेगळे असते आणि जमवलेली देणगी वेगळी. सायकल, प्रवास, खाणेपिणे हे सारे ज्याचे त्याने पाहायचे. माझ्या शेजारच्या आजींनी दहा पौंड दिले, तेव्हा ते दहाच्या दहा पौंड संस्थेकडे जातील असे मी त्यांना निःशंकपणे सांगू शकलो. शिवाय करदात्याच्या देणगीवर तिथले सरकार 'गिफ्ट एड' म्हणून पौंडामागे पंचवीस पेन्स संस्थेला देते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० पासून चालू असलेल्या पॅन-मॅस चॅलेंजमध्येही सायकलस्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर डेना-फार्बर कर्करोग संस्थेकडे जातो.

मास्तर_दापोली

मी दापोली तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. तुमचा मार्ग आमच्या गावापासून फार दूर नाही, म्हणून आपुलकीने लिहितो आहे. राग मानू नये.

आपण सर्व जण खर्च कोणी करायचा यावर बोलत आहात. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. आमच्या मुलींना सायकली हव्यात, हे तुम्हाला कोणी सांगितले? आमच्या शाळेत येणाऱ्या अकरा मुली वरच्या वाड्यांतून येतात. वाट जांभ्या दगडाच्या पाखाड्यांची आहे, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते आणि आम्ही मोठी माणसेसुद्धा काठी टेकत उतरतो. तिथे सायकल चालवायची कुठे? डांबरी रस्त्याने यायचे, तर अंतर चारऐवजी सात किलोमीटर होते आणि घरी परतताना शेवटचे दोन किलोमीटर खडा चढ आहे. दिवसभर शाळा करून, पाठीवर दप्तर घेऊन, बिनगिअरच्या सायकलीवर तेरा वर्षांची मुलगी तो चढ चढेल का, याचा विचार तुम्ही सायकल चालवणाऱ्यांनीच करावा.

एसटीचे भाडे ही अडचण नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना पास मोफत मिळतो. अडचण वेळेची आहे. आमच्या वाटेवरची गाडी चार वाजून वीस मिनिटांनी जाते, शाळा पाच वाजता सुटते आणि पुढची गाडी पावणेसातला येते. दहावीच्या मुली जादा तासाला थांबल्या, तर हिवाळ्यात अंधारातच घरी पोहोचतात. गेल्या वर्षी एका हुशार मुलीच्या आईने मला येऊन सांगितले, की जादा तास नकोत, मुलगी उजेडात घरी आलेली बरी. आम्हाला हवी आहे ती संध्याकाळी दोन फेऱ्या करणारी एक सहा आसनी रिक्षा. गावातला रिक्षावाला महिन्याला नऊ हजारांत तयार आहे. दहा महिन्यांचे नव्वद हजार होतात.

रानवाट

मास्तर, तुमचे म्हणणे तुमच्या वाड्यांपुरते शंभर टक्के खरे आहे. पण त्यावरून सायकल देणेच चूक, असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून लिहिते. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा मुलींचे माध्यमिक शाळेतले प्रवेश सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. आणि ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटरहून दूर होती, तिथे हा परिणाम अधिक होता. घोळक्याने सायकलवर जाणाऱ्या मुली हे दृश्यच गावाची नजर बदलते. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते ३,५०० वरून ५,००० रुपये झाले. पण ती योजना निवडक १२५ तालुक्यांपुरतीच आहे. बाकीच्या तालुक्यांतल्या मुलींचा विचार कोणी तरी करायलाच हवा.

मास्तर_दापोली

रानवाट, आपण सांगितलेले बिहारचे उदाहरण योग्यच आहे, पण तिथली जमीन सपाट आहे. आमच्याकडेही खालच्या किनारपट्टीच्या गावांत, जिथे रस्ता माडांच्या बागांमधून समुद्राला समांतर जातो, तिथे सायकल उपयोगी पडेल. एकाच शाळेत खालच्या आळीतल्या मुलीला सायकल हवी असते आणि वरच्या वाडीतल्या मुलीला रिक्षा. ते ठरवण्यासाठी शाळेत येऊन एक दुपार बसावे लागेल.

सरळरेषा

मला प्रामाणिकपणे विचारावेसे वाटते. मास्तरांना नव्वद हजार रुपये हवे आहेत आणि तुमचा प्रवास १,३१,४०० रुपयांचा आहे. मग प्रवास रद्द करून ती रक्कम थेट शाळेला का देऊ नये? रिक्षा वर्षभराहून अधिक चालेल.

जुनी_सायकल

सरळरेषा, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो आणि तो रास्त आहे. मी बासष्ट वर्षांचा आहे. १९८५ साली बाबा आमट्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर अशी भारत जोडो यात्रा काढली, तेव्हा तरुण मुलेमुली सायकलवर होती आणि पाठीच्या आजारामुळे बसता न येणारे बाबा गाडीत झोपून त्यांच्यासोबत होते. ती यात्रा पैशांसाठी नव्हती. माणसे दारात सायकलवर आली, म्हणून गावोगावचे लोक त्यांच्याशी बोलले. मला यात्रेत जाता आले नाही, त्याची रुखरुख आजही आहे. पण सायकल लोकांना बोलते करते, हे तेव्हाच कळले.

आमच्या गटाने चार वर्षांपूर्वी गुहागर ते मालवण असा प्रवास एका रुग्णोपयोगी साहित्य केंद्रासाठी केला. हेदवीला चहाच्या टपरीवर थांबलो होतो. माझ्या सायकलीच्या चेनवर तांबडी धूळ आणि तेल यांचा जाड थर बसला होता आणि मी जुन्या टूथब्रशने तो खरवडत होतो. टपरीवाल्या काकू बराच वेळ पाहत होत्या. "कशासाठी एवढी दगदग?" असे त्यांनी विचारले. मी सांगितले, की गावातल्या रुग्णांना खाटा, वॉकर, ऑक्सिजनचे यंत्र विनामूल्य वापरायला मिळावे म्हणून. त्यांनी हात पदराला पुसले, गल्ल्याच्या डब्यातून एक्कावन्न रुपये मोजून काढले, आणि पावतीवर स्वतःचे नाव न घालता त्यांच्या वारलेल्या यजमानांचे नाव घालायला सांगितले. यजमानांनी सहा महिने खाटेवर काढले होते आणि खाट उसनी आणलेली होती. मी पुण्यात घरी बसून धनादेश लिहिला असता, तर ही पावती फाडली गेली नसती. प्रवासाचा खर्च मात्र आम्ही आमचाच केला होता; नाहीतर त्या एक्कावन्न रुपयांना हात लावायला मी धजावलो नसतो.

सरळरेषा

आपले म्हणणे मी समजून घेतले. प्रवास रद्द करण्याची माझी सूचना मी मागे घेतो.

एकपदरी

दिलेल्या सायकलींचे पुढे काय होते, याबद्दल एक कटू अनुभव लिहिणे मला आवश्यक वाटते. सहा वर्षांपूर्वी आम्ही असाच निधी जमवून एका संस्थेमार्फत पंचवीस सायकली वाटल्या. कार्यक्रम सकाळी दहाचा होता, पाहुणे साडेबाराला आले आणि तोवर मुली सायकलींचे हँडल धरून उन्हात उभ्या होत्या. छायाचित्रे निघाली, सगळे पांगले. दीड वर्षाने मी त्या गावात सहज गेलो. एका घराच्या पडवीत सायकल टेकवलेली होती. मी पॅडल फिरवून पाहिले, तर चेन गंजून अखंड सळईसारखी ताठ झाली होती आणि मागची ट्यूब रिमला चिकटलेली होती. मुलगी म्हणाली, "काका, पंक्चर झाली तेव्हा सहाच महिने झाले होते. दुकान बारा किलोमीटरवर आहे." पंक्चरचे तीस रुपये त्यांच्याकडे होते, पण सायकल तिथवर नेणार कशी?

खारट वाऱ्यात लोखंड लवकर खाल्ले जाते. म्हणून प्रत्येक सायकलीमागे हजार रुपये देखभालीसाठी राखून ठेवा. दर तीन महिन्यांनी तालुक्याचा कारागीर शाळेत येईल, चेनला तेल देईल, ब्रेकचे रबर बदलेल, अशी व्यवस्था करा. शाळेत एक हवेचा पंप आणि पंक्चरचे साहित्य ठेवा आणि चार मुलींना पंक्चर काढायला शिकवा. तुम्ही आठ जण तिथे असणारच आहात, तर हे शिकवण्याचे काम तुम्हीच करा. माझ्या मते त्या दिवशी तुम्ही केलेले सर्वांत मोलाचे काम तेच असेल.

थेम्सकाठ

मलाही यात भर घालायची आहे. इथून पैसे पाठवता येतील का?

हिशेबनीस

थेम्सकाठ, आपले पारपत्र भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतले, बँकेमार्फत येणारे असतील, तर ते परकीय योगदान धरले जात नाही. आपण ब्रिटिश नागरिक झाला असाल, तर भारतीय मूळ असूनही आपली देणगी परकीय योगदान ठरते. मग त्या संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय योगदानाच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील तिच्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. गावातल्या छोट्या संस्थांकडे ही नोंदणी बहुधा नसते. कृपया भावाच्या खात्यातून वळवण्याचा मार्ग काढू नका. त्यात संस्थाच अडचणीत येते.

थेम्सकाठ

माझे पारपत्र अजून भारतीयच आहे. संस्था ठरली, की कळवावे.

शेखाडीकर

एक सूचना राहिली होती. जंगलजेटीवर सायकली कठड्याला सुतळीने घट्ट बांधा. फळी खाली येताना बोट हिसका देते आणि स्टँडवर उभी केलेली सायकल आडवी होऊन मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, वाकतो. वेसवीला उतरलो आणि तिथून दापोलीपर्यंत मी एकाच गिअरवर गेलो होतो.

दर्यावाट

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस काही लिहिले नाही, कारण आम्ही आठही जण एकत्र बसून हा धागा वाचत होतो.

आमच्या आठांपैकी दोघे विद्यार्थी आहेत, हे मी पहिल्या लेखनात लिहिले नव्हते. घाटवाट यांचा प्रतिसाद वाचताना ते दोघे खाली मान घालून बसले होते आणि आम्हाला त्यांची अडचण इतके दिवस दिसली नव्हती, याचे वाईट वाटले. आम्ही टेम्पो रद्द केला आहे. सामान कॅरिअरवर स्वतःच वाहून नेऊ. दिवसाला साठ किलोमीटरसाठी टेम्पो हवाच, असे नाही. मुक्काम आणि जेवणाचे ८६,४०० रुपये आम्ही सहा नोकरदार भरणार, म्हणजे माणशी १४,४०० रुपये. टेम्पोसह आठ जणांत वाटले असते, तर याहून जास्तच आले असते. निधीतला एकही रुपया प्रवासावर खर्च होणार नाही आणि आवाहनपत्रात पहिले वाक्य हेच असेल.

मदतीचे स्वरूप शाळा ठरवतील. आमचा कच्चा अंदाज असा आहे : मास्तरांच्या वाड्यांसाठी रिक्षेचे नव्वद हजार, किनारपट्टीच्या सपाट गावांत चाळीस सायकलींचे दोन लाख चाळीस हजार, एकपदरी यांनी सांगितल्याप्रमाणे देखभालीचे चाळीस हजार, आणि उरलेले तीस हजार रिक्षेच्या दुसऱ्या वर्षासाठी बाजूला. निधी कमी जमला, तर आधी रिक्षा आणि देखभाल, सायकली त्यानंतर. मास्तर, आमच्यापैकी दोघे दिवाळीच्या सुट्टीआधी येऊन एक दुपार बसू इच्छितात. चालेल का?

घाटवाट

त्या दोघांना माझ्याकडून सांगा, की कॅरिअरच्या जलरोधक पिशव्यांचे दोन जोड माझ्याकडे पडून आहेत. कोथरूडला येऊन घेऊन जावेत.

मास्तर_दापोली

अवश्य यावे. मात्र शनिवारी येऊ नका. त्या दिवशी शाळा सकाळची असते आणि मुली साडेअकराला निघून जातात. मधल्या कोणत्याही दिवशी दोन वाजेपर्यंत पोहोचा. मुलींशी आणि त्यांच्या आयांशी बोलणे होईल. आयांना मी निरोप देतो, त्या भातकापणीतून वेळ काढून येतील. नंतर पाच वाजता मुलींबरोबर पाखाडीने वरच्या वाडीपर्यंत चालत या. बूट चांगल्या पकडीचे घाला आणि विजेरी जवळ ठेवा, कारण परत उतरताना अंधार झालेला असेल.